पागोटे, टोपडे आणि चंची

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील असई हे गाव जुनी लष्करी शिरोभूषणे जमविणाऱ्या देशोदेशींच्या संग्राहकांना ठाऊक असते, आणि याला कारण आहे टोपीवरचा एक धातूचा बिल्ला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या लढाईत जबर हानी सोसलेल्या ७४ व्या पलटणीला हत्तीचे मानचिन्ह मिळाले. पुढे १८८१ मध्ये ७१ वी आणि ७४ वी या पलटणी एकत्र करून हायलँड लाइट इन्फन्ट्री उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर हा हत्ती आणि ‘असई’ हे नाव दोन्ही आले. ती पलटण १९५९ मध्ये दुसऱ्या पलटणीत विलीन झाली असली तरी भारतीय सैन्यातील मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात असईचा हत्ती आजही आहे. जिंकणाऱ्यांच्या टोपीवरचा धातू असा टिकला आणि त्याचे बाजारमोलही ठरले; हरलेल्या बाजूच्या स्वारांच्या डोक्यावर होती ती पागोटी, म्हणजे निव्वळ कापड, आणि त्यांचा माग काढणे फार अवघड आहे.

कापडाचे शिरोभूषण टिकत नाही ते केवळ कसरीमुळे नव्हे. मराठी घरात कापड फुकट जात नसे. विटलेल्या पागोट्याची गोधडी होई, धडक्या भागातून बाळाचे टोपडे निघे आणि उरलेल्या चिंध्या पोतेऱ्यापर्यंत पोचत. जरीच्या वस्त्रांचे नशीब याहून वाईट होते. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार असल्याने असे कापड जाळून त्यातली चांदी काढून घेत, आणि जे जळले नाही ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याच्या बदल्यात घरात स्टीलचे पातेले येई. या व्यवहाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण ज्या घराने तो केला त्याला पातेल्याची गरज होती.

जे उरले आहे त्याची पारख करताना पहिला भेद लक्षात घ्यावा लागतो तो बांधून ठेवलेल्या आणि रोज नव्याने बांधायच्या शिरोभूषणांमधला. पगडी ही पक्क्या घाटावर एकदाच बसवून, टाके घालून तयार केली जाते आणि टोपीसारखी घातली वा काढली जाते. ती बांधणाऱ्या कारागिराला पगडबंद म्हणत. पागोटे, पटका, फेटा आणि मुंडासे यांचे तसे नाही, कारण डोक्यावरून सोडले की त्यांचे पुन्हा लांब कापड होते आणि त्यांचा खरा आकार बांधणाऱ्याच्या हातात असतो. साधारण सात-आठ मीटरचा फेटा पेटीत घडी घालून ठेवला तर संग्राहकाच्या हाती फक्त कापड राहते आणि बांधणी हरवते, म्हणून अशा वस्तूबरोबर ती बांधण्याची रीत टिपून ठेवणे हे वस्तूइतकेच मोलाचे मानले पाहिजे. पगडीच्या घाटावरून माणसाची जात, प्रांत, धंदा आणि कोणत्या सरदाराची चाकरी हे एकेकाळी ओळखता येत असे. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तिच्या नावाला विशिष्ट प्रदेशाशी जोडलेले कायदेशीर संरक्षण लाभले. मराठवाड्यातील साध्या मुंडाशाकडे मात्र अभ्यासकांचेही फारसे लक्ष गेलेले नाही.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा बराच काळ हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे येथील डोकी पुण्या-साताऱ्याच्या डोक्यांहून निराळी दिसत. निजामाच्या दरबारात दस्तार, म्हणजे ठरावीक घाटाची दरबारी पगडी, आणि कमरेला बगलूस हा पट्टा असा पेहराव असे. कारकून, वकील, शिक्षक यांच्यात शेरवानीवर रुमी टोपीची चाल होती. रुमी टोपी ही दाबलेल्या लोकरीची, वर सपाट आणि गोंडा लोंबणारी असते, आणि साच्यावर वाफ देऊन तिचा आकार बसवतात. ज्या तुर्कस्तानातून ती हैदराबादेत आली तेथे १९२५ मध्ये कायद्याने तिच्यावर बंदी आली, तरी सातवे निजाम मीर उस्मान अली खान ती पुढेही घालत राहिले. तिच्यासमोर उभी राहिली ती खादीची पांढरी टोपी, जी घडी घातली की खिशात मावते आणि घरच्या घरी धुता येते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाल्यावर सरकारी कचेऱ्यांतून रुमी टोपी झपाट्याने मागे पडली.

मोठ्या माणसांची शिरोभूषणे सार्वजनिक इतिहासात शिरली. घरातल्या बायकांनी शिवलेली टोपडी, कुंच्या, बटवे आणि चंच्या मात्र इतिहासाबाहेर राहिल्या, वास्तविक शिवणकामाच्या दृष्टीने त्याच अधिक रंजक आहेत. टोपड्यात कानापासून कानापर्यंत जाणारी एक पट्टी असते, तिच्या मागच्या कडेला चुण्या घालून लहानशी गोल चकती जोडतात आणि हनुवटीखाली बांधायला दोन बंद लावतात. सगळ्या शिवणी अस्तर आणि वरचे कापड यांच्यामध्ये दडवाव्या लागतात, कारण बाळाच्या टाळूला गाठ टोचता कामा नये, आणि म्हणूनच अस्तराला नवे कापड न घेता धुऊन मऊ झालेले लुगडे घेत. कुंचीत असेच टोपडे वर आणि त्याला जोडलेले चुणीदार कापड पाठीवर असते. चंची ही पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी यांसाठी कप्पे असलेली कापडी गुंडाळी असून तिला दोरीने बांधतात. बटव्याच्या तोंडाशी नेफा, म्हणजे दोरी ओवण्याची दुमड, असतो. त्यातून दोन दोऱ्या परस्परांच्या उलट दिशेने ओवल्या तरच तोंड सरळ मिटते, आणि एकच दोरी ओवलेला बटवा एका अंगाला ओढला जातो.

अशा वस्तू आज नव्याने शिवताना गुळेदगुड्डचा खण किंवा शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातील हिमरू आणि मशरू वापरता येतात. हिमरू हे सूत आणि रेशीम यांचे नक्षीदार विणकाम आहे, तर मशरूच्या वरच्या अंगाला रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत असते, त्यामुळे टोपीसाठी ते विशेष सोयीचे पडते. ही कापडे कापताच कडा सुटतात, म्हणून कडेला आधी गोट लावावा आणि मग धावदोरा घालून उलट्या टिपेने शिवण पक्की करावी. जुनी वस्तू उसवून तिचा नमुना काढण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. वरून कागद ठेवून मापे घेता येतात.

संग्रह कसा करावा याचे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, पानाचे डबे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यांतून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. दरबारी वैभवापेक्षा रोजच्या वापराला त्यांनी दिलेले महत्त्व मराठवाड्यातील संग्राहकालाही उपयोगी आहे. जुने पागोटे वा टोपी धुऊ नये, उन्हात ठेवू नये, जरीला डांबराच्या गोळ्या चिकटू देऊ नयेत आणि आत मऊ, आम्लरहित कागदाचा गोळा भरून आकार सावरून ठेवावा. शंभर वर्षे वा त्याहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि तेव्हा ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. वस्तूला जोडलेल्या चिठ्ठीवर ती कोणत्या गावची, कोणी वापरली, कोणत्या प्रसंगी आणि कशी बांधत, हे मिळवतानाच लिहून ठेवावे लागते, कारण देणाऱ्याच्या घरातली ते सांगू शकणारी पिढी आता वयाने फार पुढे गेलेली आहे.