हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये का अडते?

धाराशिव, कळंब, तुळजापूरच्या सोयाबीनचे भाव रोज सकाळी आपोआप उतरवून घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहिणं अवघड नाही. केंद्र सरकारच्या डेटा डॉट जीओव्ही डॉट इनवर बाजार समित्यांचे दर खुले असतात. नोंदणी केली की एपीआय-की मिळते. ही स्क्रिप्ट क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमच्या, हवाली केली की मात्र अडचणी सुरू होतात. आणि इथली चूक साधी नाही. नवा दर आलाच नाही, तर शेतकरी कालचाच आकडा खरा मानून गाडी भरतो.

सगळ्यात घट्ट गैरसमज असा, की टर्मिनलवर चालली ती क्रॉनमध्येही चालणारच. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा शेल आपल्या प्रोफाइल, बॅशआरसी या फायली वाचतो. क्रॉन त्या वाचत नाही. तो होम, लॉगनेम, शेल अशी मोजकी व्हेरिएबल्स देतो, पाथही अगदी तोकडा असतो. शिवाय शेल बॅश नसून साधा 'एसएच' असतो. उबंटूवर तो डॅश आहे, त्यामुळे बॅशची खास वाक्यरचना तिथे मोडते. म्हणून आज्ञांचे पूर्ण पत्ते द्यावेत आणि लागणारी व्हेरिएबल्स स्क्रिप्टनेच एका फाइलमधून वाचावीत. 'एन्व्ह -आय' लावून स्क्रिप्ट रिकाम्या वातावरणात चालवली, तर बहुतेक दोष आधीच सापडतात.

क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, जुन्या पाथला नवा जोडता येतो, हाही समज चुकीचा. नेहमीच्या लिनक्स क्रॉनमध्ये व्हेरिएबलच्या ओळीतलं डॉलरचिन्ह उलगडलं जात नाही. आज्ञेतलं टक्क्याचं चिन्ह तर नवी ओळ मानलं जातं. तारखेसाठी ते वापरायचं तर आधी बॅकस्लॅश हवा.

जिल्ह्याचं नाव आणि एपीआय-की एकाच फाइलमध्ये ठेवली तर काय बिघडतं? बरंच काही. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. अशी बदलणारी नावं सेटिंगच्या फाइलमध्ये असावीत आणि ती फाइल सहकाऱ्यांना बिनधास्त द्यावी. की मात्र वेगळ्या फाइलमध्ये, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेली की सुरक्षितच, असंही नाही. स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती वारशाने मिळते. दर उतरवणाऱ्या कर्ल या आज्ञेच्या पत्त्यात ती घातली, तर साध्या लिनक्सवर त्याच सर्व्हरवरचा दुसरा वापरकर्ता 'पीएस' देऊन वाचू शकतो. त्यापेक्षा कर्लचे पर्याय कॉन्फिग-फाइलमधून द्यावेत, तिचीही परवानगी ६००. चुका लॉगमध्ये अवश्य लिहाव्यात, पण चालणारी प्रत्येक आज्ञा छापणारं 'सेट -एक्स' चालू ठेवून नव्हे. त्याने कीसुद्धा लॉगमध्ये उतरते.

आणि गिटमध्ये चुकून गेलेली की पुढच्या कमिटमध्ये पुसली म्हणून जात नाही, ती इतिहासात राहतेच. आधी ती की रद्द करून नवी घ्यावी, इतिहासाची साफसफाई त्यानंतर.