नामंजूर पेन्शनच्या फायलींसोबत एक दिवस

पहाटे ५.३०

चहा होईपर्यंत आजच्या मुख्य फायलीतलं एक पान पुन्हा वाचतो. माणदेशातला एक नाईक. उंचावरच्या पोस्टिंगवर असताना त्याला फिट्स येऊ लागल्या आणि २०२२ मध्ये सैन्यानं त्याला मेडिकल ग्राउंडवर घरी पाठवलं. मेडिकल बोर्डानं अपंगत्व २० टक्के आणि कायमचं ठरवलं. सेवेशी संबंध आहे का, या रकान्यात मात्र लिहिलं की आजार मूळ प्रकृतीतला आहे, सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. असं का, याचं कारण पानावर कुठेच नाही. या एका ओळीवर त्याचं अपंगत्वाचं पेन्शन नामंजूर झालं, मग पहिलं अपील आणि गेल्या महिन्यात दुसरंही.

सैन्यात मी क्लार्क होतो. निवृत्तीनंतर एलएल.बी. केलं आणि साताऱ्यात वकिली सुरू केली. त्यामुळे अशा ओळीत काय लिहिलंय याच्याइतकंच काय लिहायचं राहिलंय, हेही मी बघतो.

सकाळी ८.००

घरीच तासभर वाचन. या नाईकाची पुढची पायरी म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं, ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. खात्याकडची अपिलं संपल्यावर सहा महिन्यांच्या आत तिथे अर्ज करायचा असतो.

२०२२ मध्ये सुटलेल्या या नाईकाला २००८ चे पात्रता नियम लागू होतात, पण आमचा मुख्य आधार आहे त्याआधीच्या १९८२ च्या पात्रता नियमांवरचे निकाल. ते नियम असे: भरतीच्या वेळी जवानाच्या कागदांत एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा निरोगी होता असं गृहीत धरायचं. पुढे आजारामुळे त्याला काढावं लागलं, तर तो सेवेत झाला असं मानायचं. आणि तसं नाही म्हणायचं असेल, तर सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह यांच्या खटल्यात हेच सांगितलं. ते १९८५ ला भरती झाले होते, तेही फिट्समुळेच १९९४ ला बाहेर पडले होते, आणि त्यांच्या बोर्डानंही कारण दिलं नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंह यांच्या प्रकरणात न्यायालयानं पुन्हा तेच बजावलं. सियाचीनला तैनात असताना फिट्स सुरू झालेल्या या जवानाला १९८९ मध्ये घरी पाठवलं होतं.

१९८९ ते २०२५. हे अंतर मनातून जात नाही.

सकाळी ९.३०

ऑफिस उघडतो तेव्हा पायरीवर माणसं असतात. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: सेवेतून कधी सुटलात? कारण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. त्यानंतर सुटलेल्या मुलांना जुन्या नियमांवरचे निकाल जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्यांचा अर्ज वेगळा बांधावा लागतो.

पहिले येतात तोफखान्यातले एक हवालदार. २०१८ ला पूर्ण मुदत करून निवृत्त झाले. तोफांच्या आवाजानं कान गेले. बोर्डानं सेवेमुळे आलेलं ३० टक्के अपंगत्व मान्य केलं आणि पेन्शनही ३० टक्क्यांनीच सुरू झालं. नियमानं ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ पर्यंतचं ७५ आणि त्यावरचं १००. ही सवलत फक्त मुदतीआधी काढलेल्यांना, असा खात्याचा पवित्रा होता. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती मुदत पूर्ण करणाऱ्यांनाही दिली.

मी कागदावर हिशेब मांडतो आणि तो त्यांच्या मुलाला मोठ्यानं वाचायला सांगतो. शेवटचा पगार ४०,००० धरला तर १०० टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. ३० टक्क्याला ३,६००. ५० टक्क्याला ६,०००. दरमहा २,४०० रुपयांचा फरक, आणि तो तहहयात.

"एवढं राहिलं व्हय?" हवालदार विचारतात. गावाकडे एवढ्यात दोघांची औषधं भागतात.

सकाळी ११.००

एक शिपाई, कुबडीवर. पाय मोटारसायकलच्या अपघातात गेला, सुट्टीत, गावच्या रस्त्यावर. इथे मला नीट विचारावं लागतं. सुट्टीत होतास, की सुट्टीवर येत होतास? युनिटमधून घरी येतानाचा किंवा परतीचा अधिकृत प्रवास नियमानं ड्युटी धरला जातो. म्हणून रेल्वे वॉरंट आणि सुट्टीचा दाखला यांवरच्या तारखा मोलाच्या.

पण हा पोरगा घरी येऊन आठवडा झाला होता. मित्राकडे जेवायला निघाला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जुझार सिंह प्रकरणात अशा अपघाताला सेवेशी संबंध नसल्याचं म्हणून पेन्शन नाकारलं. हे मी त्याला स्पष्ट सांगतो. खोटी आशा दाखवून त्याच्याकडून फी घेणं माझ्याच्यानं होणार नाही. सेवेची वर्षं आणि बाकीचे कागद तपासून त्याला दुसरं काय मिळू शकतं याची यादी करून देतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणाला भेटायचं ते लिहून देतो.

दुपारी १२.३०

सकाळच्या फायलीतला नाईक बायकोसोबत येतो. एकट्यानं एस.टी.चा प्रवास तो करत नाही, वाटेत फिट आली तर कोण सांभाळणार? सैन्यात ड्रायव्हर होता, आता गाडी चालवता येत नाही. विहिरीवर जायचं नाही, शिडीवर चढायचं नाही. बोर्डाच्या कागदावर हे २० टक्के आहे.

"साहेब, भरतीत धावलो, छाती मोजली, डॉक्टरनी डोळं-कान समदं बघितलं. तवा काय नव्हतं. मग आता मुळातलंच हाय म्हणून कसं म्हणत्यात?"

त्याचा प्रश्न हाच आमच्या अर्जाचा गाभा आहे. मी तो त्याच्याच शब्दांत वहीत उतरवतो.

मग कागद लावतो. भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, त्यात फिट्सची नोंद नाही. पहिली फिट आली तेव्हाचा मिलिटरी हॉस्पिटलचा सारांश. पोस्टिंगचा तक्ता. बोर्डाची पूर्ण कार्यवाही, जी माहिती अधिकारात मागून घ्यावी लागली. नामंजुरीची पत्रं, लिफाफ्यांसकट, कारण मुदत मोजताना पोस्टाचा शिक्का लागतो. वहिनींनी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून आणलंय. मोठमोठ्या ऑफिसांतही इतकी नीट फाइल क्वचित दिसते, असं मी त्यांना सांगतो, आणि ते खरं आहे.

दुपारी २.००

मसुदा. दिवसातला हा वेळ मी फोन बंद ठेवून घालवतो. अर्जात शौर्याची वर्णनं घालत नाही. तारखेनं सुरू करतो: या दिवशी भरती, निरोगी. या दिवशी अमुक उंचीवर पोस्टिंग. या दिवशी पहिली फिट. या दिवशी बोर्ड. या दिवशी नकार. मग एकच प्रश्न: आजार मुळातला होता, तर भरतीच्या डॉक्टरांना तो का दिसला नाही, आणि दिसणं शक्यच नव्हतं असं बोर्डाचं मत असेल, तर त्याचं कारण कुठे आहे?

सरकारची बाजूही मी लिहून काढतो. फिट्सचे काही प्रकार खरोखर जन्मजात कारणांनी येतात, आणि प्रत्येक दुखणं सेवेच्या माथी मारता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग बोर्डानं ते तपासून लिहावं. पेन्शन नाकारायचं असेल तर कारण द्यावं, एवढीच मागणी आहे.

दुपारी ४.३०

मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि आजही इथल्या मुलांना भरतीचं वेड आहे. इथल्या एका आप्पांना अंथरुणातून उठवत नाही, म्हणून वकीलपत्रावर सही घ्यायला मीच आलोय. नव्वदच्या दशकात गस्तीवर कड्यावरून घसरून मणक्याला मार बसला. इंजुरी रिपोर्टमध्ये 'ऑन ड्युटी' लिहिलंय. बोर्डानं २० टक्के दिले, पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयानं आप्पांना न बघताच त्याचे १५ केले, आणि २० च्या खाली म्हणून दावा फेटाळला. जवानाला न तपासता बोर्डाचं मत फिरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच सॅपर मोहिंदर सिंह प्रकरणात सांगितलंय. ते आप्पांपर्यंत कधी पोचलंच नाही. पत्र ट्रंकेत गेलं आणि तिथेच राहिलं.

"आता काय उपेग?" ते विचारतात. उपयोग आहे. पेन्शन दर महिन्याला देय होतं, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही. २००८ च्या तरसेम सिंह निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, पण इथून पुढचं पेन्शन सुरू होऊ शकतं. आधीची सगळी वर्षं मात्र बुडाली. आप्पांची सही थरथरते. सून हाताला आधार देते.

संध्याकाळी ७.००

ऑफिसात परत. दोन पहिली अपिलं स्पीड पोस्टानं गेल्याच्या पावत्या फायलींना लावतो. मग फोन. कोरेगावच्या एका बाईंना कुणीतरी थकबाकीतला अर्धा वाटा ठरवून कोऱ्या कागदावर सही मागितली आहे. सही करू नका, सगळे कागद घेऊन उद्या या, असं सांगतो. न्यायाधिकरणात जवानाला स्वतःची बाजू स्वतः मांडायचाही हक्क आहे. कुणाला निम्मी थकबाकी द्यायची गरज नाही.

रात्री ९.००

उद्याची यादी लिहिताना वाटतं की यातली निम्मी कामं माझ्यापर्यंत यायलाच नको होती. बोर्डानं कारण लिहिलं असतं, ठरलेले निकाल खात्यानं आपणहून लावले असते, तर तोफखान्याच्या हवालदारांना ऐकू न येणाऱ्या कानांनी माझ्या ऑफिसात बसावं लागलं नसतं. एकदा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेली गोष्ट प्रत्येक जवानानं नव्यानं जिंकून घ्यावी, हे योग्य नाही.

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, भावकीत, गावात कुणी सैन्यातून आजारी किंवा जखमी होऊन परतलं असेल, तर त्यांची ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद आणि नामंजुरीचं पत्र शोधा. नकाराचं कारण काय दिलंय ते वाचा, पत्रावरची तारीख बघा आणि सहा महिन्यांच्या आत अपील करा. मुदत उलटून गेली असली तरी कागद घेऊन जाणकाराकडे जा. दर महिन्याच्या उशिरानं एका महिन्याचं पेन्शन कायमचं जाऊ शकतं.