गोळी पोटात गेली तर? नॅनो फुग्यांची गोष्ट

मागच्या महिन्यात माझ्या तीन वर्षांच्या भाच्यानं आजीच्या बीपीच्या गोळ्यांची डबी उघडली. ताईनं वेळेत पाहिलं, म्हणून निभावलं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गिळली असती तर?

व्हेरापामिलचंच घ्या. बीपीचं जुनं औषध. जास्त झालं की बीपी कोसळतं, हृदयाचे ठोके मंदावतात. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, शरीरभर पसरतं, त्यामुळे नेहमीच्या डायलिसिसनं नीट निघत नाही.

झुरिकच्या ईटीएचमध्ये ज्याँ-क्रिस्तोफ लरू यांच्या टीमनं यासाठी लायपोसोम वापरले. म्हणजे चरबीचे अतिसूक्ष्म फुगे, आत आम्ल भरलेले. औषधाच्या रेणूवर विद्युतभार नसेल तर तो फुग्याची भिंत सहज ओलांडतो. आत आम्लात त्याला भार मिळतो आणि मग बाहेर पडणं अवघड. आमच्या भाषेत, लॉगिन आहे, लॉगआउट नाही! हे फुगे असलेलं द्रावण पोटाच्या पोकळीत सोडायचं, रक्तातलं औषध तिकडे ओढलं जातं, मग द्रावण काढून घ्यायचं. २०१४ मध्ये त्यांनी हे उंदरांवर करून दाखवलं. व्हेरापामिल दिलेल्या उंदरांचं बीपी लवकर सावरलं.

अर्थात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. विषबाधेत हा उपाय अजून नेहमीच्या वापरात नाही. म्हणून आज कुणी जास्त गोळ्या गिळल्या, तर घरी उलटी करवत बसू नका. १०८ लावा, गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. आणि हो, आजीची डबी वरच्या फळीवर!