सुधारणा झाली, पण किती? घरच्या घरी ओळखायची कशी?

घरातलं माणूस मोठ्या मानसिक आजारातून सावरत असलं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "आता कसं आहे?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं, "बरंय आता." पण तीन महिन्यांपूर्वीचं 'बरंय' आणि आजचं 'बरंय' यात फरक काय, असं कुणी विचारलं तर? आई म्हणेल, "हल्ली चिडत नाही." बायको म्हणेल, "रात्री झोप लागते." वडील मान हलवतील, "ते ठीक आहे, पण कामाचं काय?" तपासायला बसलेले डॉक्टर कानात आवाज येतात का, संशय कमी झाला का, हे विचारतील. खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे, इतकंच.

औषध बदलायचं की तेच ठेवायचं, मुलाला पुन्हा कामाला पाठवायचं की अजून थांबायचं, हे निर्णय याच उत्तरांवर होतात. म्हणून ही मोजदाद नीट समजून घ्यायला हवी.

चार प्रश्न, वीस गुण

बंगळुरूला होसूर रोडवर निम्हान्स ही मेंदू आणि मानसिक आजारांची देशातली मोठी संस्था आहे. तिथल्या पुनर्वसन विभागात रुग्ण बेकरीसारख्या कामांतून पुन्हा रोजच्या आयुष्याची सवय करून घेतात. पण दवाखान्याच्या आवारात नीट वागणारा माणूस गावी गेल्यावर कसा राहतो, हे आवारात बसून कळत नाही. त्यासाठी त्याच्या घरी, त्याच्या गावात जाऊन पाहावं लागतं. यालाच समाजाधारित पुनर्वसन म्हणतात. 1978 च्या अल्मा-आटा आरोग्य परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही कल्पना जगभर पुढे नेली.

मग गावात जाऊन पाहायचं काय? आपल्याकडे यासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने ती तयार केली आणि 2002 मध्ये केंद्र सरकारने ती अपंगत्व मोजण्यासाठी अधिकृत केली. ती चारच गोष्टी विचारते. माणूस स्वतःची काळजी घेतो का, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, औषधं. इतरांशी त्याचे संबंध कसे आहेत. बोललेलं त्याला समजतं का आणि स्वतःचं सांगता येतं का. आणि चौथी गोष्ट काम: नोकरी, घरकाम किंवा शिक्षण, ज्याचं जे असेल ते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे पूर्ण परावलंबन. शाळेच्या उलट, इथे गुण जितके कमी तितकं चांगलं.

या मोजपट्टीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की घरकाम इथे 'काम' म्हणूनच मोजलं जातं. सून पुन्हा स्वयंपाकघर सांभाळू लागली, तर ती सुधारणा कागदावर दिसते. घरात मात्र कित्येकदा ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक खाच मात्र माहीत असू द्या. या चारांच्या बेरजेत आजार किती जुना आहे त्याचेही गुण मिळवले जातात. आजार दहा वर्षांहून जुना असेल तर चार गुण आपोआप जमा होतात. म्हणून एकूण आकडा 20 पर्यंत जातो. प्रमाणपत्रासाठी हे ठीक आहे, पण प्रगती पाहण्यासाठी नाही. माणूस कितीही सुधारला तरी गेलेली वर्षं कमी होत नाहीत. त्यामुळे तुमच्या माणसाची वाटचाल पाहायची असेल, तर फक्त त्या चार रकान्यांकडे बघा.

तीर्थहळ्ळी आणि सातारा

कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात तीर्थहळ्ळी तालुका आहे, कुवेंपूंचं कुप्पळी याच तालुक्यातलं. निम्हान्सच्या डॉक्टरांनी 2005 पासून तिथे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शोधून त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. उपचार घेणारे आणि न घेणारे, दोघांनाही हीच मोजपट्टी लावली. उपचार चालू राहिलेल्यांची परावलंबनाची पातळी कमी झाली, उपचारांविना राहिलेल्यांची जवळपास तिथेच राहिली. ऐकायला साधं वाटेल, पण 'गोळ्यांनी नुसती गुंगी येते, माणूस काही कामाचा राहत नाही' ही समजूत किती घरांत आहे ते आठवून पाहा.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतला कांचीपुरम या तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांचा अभ्यास झाला. 187 जणांकडे दवाखान्यातल्या उपचारांबरोबर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरी जात होते, 95 जणांना फक्त दवाखान्यातले उपचार मिळत होते. वर्षभराने दोन्ही गट तपासले. तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं हे सांगितलेलं नव्हतं, म्हणजे मनाचा कल आकड्यांत शिरू नये. निष्कर्ष 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

काय दिसलं? आजाराच्या लक्षणांत दोन्ही गटांमध्ये ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. पण आयडियाजच्या गुणांत, म्हणजे रोजच्या जगण्यात, घरी कार्यकर्ता जात होता तो गट पुढे होता. तोही जवळपास एका गुणानेच, आणि तीन ठिकाणांपैकी तमिळनाडूत फायदा जास्त स्पष्ट होता. एक गुण म्हणजे फार नाही, हे मान्यच. तरी एखाद्या घरात तोच एक गुण म्हणजे कुणी मागे न लागता केलेली अंघोळ असू शकतो. आणि नुसती लक्षणंच मोजली असती, तर हा फरक कुणाला दिसलाच नसता.

मांडी घालता येते का?

शरीराच्या आजारांतही हीच गोष्ट. पक्षाघातानंतर किती स्वावलंबन आलं हे पाहायला जगभर 'बार्थेल इंडेक्स' वापरतात. 1965 पासूनची ही दहा प्रश्नांची, शंभर गुणांची यादी. इथे मात्र गुण जास्त तितकं चांगलं, तेव्हा गोंधळू नका. खाणं, कपडे घालणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, जिना चढणं, असे प्रश्न त्यात असतात. पण आपल्याकडच्या आजोबांना खरी अडचण येते ती जमिनीवर बसून उठताना आणि भारतीय पद्धतीच्या संडासात. त्या यादीत शंभरपैकी नव्वद मिळवलेले आजोबा घरच्या देवपूजेला बसू शकत नसतील, तर त्यांच्या लेखी ते बरे झालेलेच नाहीत. म्हणून फिजिओथेरपिस्टला स्वतःहून सांगा की आमच्या घरात अमुक गोष्ट जमणं गरजेचं आहे.

यासाठी एक सोपी पद्धत आहे, जी 1968 मध्ये अमेरिकेत मानसिक आरोग्य केंद्रांसाठी निघाली आणि आता सगळीकडे चालते. ध्येय रुग्णाने स्वतः निवडायचं आणि त्याच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. समजा, घरातल्या तरुणाने ठरवलं की कोपऱ्यावरच्या दुकानातून एकट्याने दूध आणायचं. आठवड्यातून तीनदा आणलं तर ठरल्याप्रमाणे, म्हणजे शून्य. पाच दिवस आणलं तर अधिक एक, रोज आणलं आणि हिशेबही नीट दिला तर अधिक दोन. सोबत कुणी असेल तरच गेला तर उणे एक, घराबाहेर पडलाच नाही तर उणे दोन. दोन महिन्यांनी वही उघडायची. पायऱ्या आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण नंतर लिहायला बसलं की आपण एक तर लाडाने जास्त गुण देतो, नाही तर वैतागून कमी. आणि ध्येय खरोखर त्याचंच असू द्या. आपल्याला त्याने बँकेची परीक्षा द्यावीशी वाटते, त्याला मात्र आधी मित्राच्या लग्नाला जायचं असतं.

चाळीस टक्क्यांची भीती

आता थोडं अवघड बोलायचंय. कायद्यानुसार अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर आरक्षणासारखे काही लाभ मिळतात. आयडियाजवर ही रेषा सात गुणांपाशी येते. मानसिक आजारात बरेचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. त्यामुळे घरचे कधी कधी सुधारणा सांगायलाच घाबरतात. मुलगा कामाला जाऊ लागला हे डॉक्टरांना कळलं तर पेन्शन जाईल का, ही धास्ती खरी आहे आणि त्यासाठी कुटुंबाला दोष देणं मला पटत नाही. पण लपवल्याने नुकसान होतं ते उपचारांचं. खरी माहिती न मिळाल्याने औषधाचा डोस वाढवला जाऊ शकतो, आणि सावरलेला माणूस पुन्हा सुस्त होतो. हा पेच डॉक्टरांशी किंवा रुग्णालयातल्या समाजसेवकांशी उघड बोला. काम सुरू झालं तरी ते टिकतं का, कुणाच्या आधारावर टिकतं, हेही तपासणीत सांगता येतं आणि सांगायला हवं.

पुढच्या भेटीला जाताना वहीतलं पान सोबत न्या. गेल्या महिन्यात अंघोळ, माणसं, बोलणं, काम या चार बाबतींत काय बदललं ते दोन-दोन ओळींत लिहा. रुग्णालाही त्याच्या दोन ओळी लिहू द्या, तुमच्याशी न जुळणाऱ्या असल्या तरी. जवळपास डॉक्टर नसतील तर 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या या मोफत सेवेच्या मध्यवर्ती संस्थांत निम्हान्स आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.