डॉक्टर एवढं विचारतात कशाला?

‘रक्त तपासा, सोनोग्राफी करा, काय ते कळेल. एवढी चौकशी कशाला?’ दवाखान्यात हे रोज ऐकू येतं. मशीन निदान करतं आणि विचारपूस ही नुसती औपचारिकता, हा समज फार महागात पडतो. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि पेशंटची हकीकत ऐकूनच बरोबर झालं होतं.

पोटदुखीचंच घ्या. ‘कुठे दुखतंय?’ यापेक्षा ‘सुरुवात कुठून झाली?’ हा प्रश्न मोलाचा. रात्री बेंबीभोवती दुखत होतं, जेवण नकोसं झालं, उलटी झाली आणि सकाळी कळ उजवीकडे खाली सरकली, हा क्रम ऐकला की अपेंडिक्सची शंका येते. मग डॉक्टर पोटाला हात लावतात, तोही दुखऱ्या जागेपासून लांब, आणि डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर. हात पुढे सरकतो तसं पोट आपोआप ताठ होतं का? खोकल्यावर नेमकी तिथेच कळ येते का? हे फोनवरून कळत नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’ हेही खरं नाही. सुजलेलं अपेंडिक्स सोनोग्राफीत कधी कधी दिसत नाही. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. उलट, विडाल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइडच, असंही नाही. जुन्या संसर्गामुळे किंवा लशीमुळेही ती तशी येते.

पाठीवर बोटांनी ठोकून पाहणं जुनं आहे खरं. ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी ते १७६१ मध्ये मांडलं. पण फुफ्फुसाभोवती पाणी साचलं की पोकळ आवाज बद्द होतो, तो आजही तसाच.

आणि ‘चांगला डॉक्टर नाडी धरूनच ओळखतो’? नाडीवरून ठोक्यांचा वेग आणि लय कळते. रक्तातली साखर नाही.

तेव्हा जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. तंबाखू, दारू, कुणी दिलेला काढा, काही लपवू नका. आईला घेऊन गेला असाल, तर तिच्या दुखण्याची उत्तरं तुम्ही देऊ नका. तिला बोलू द्या.