नोंदवहीबाहेरची विद्यार्थिनी

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हापासून त्याची आखणी विवाहित जोडपे डोळ्यांसमोर ठेवूनच होत आली. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत ‘पात्र जोडपे’ म्हणून ज्याची नोंद होते, ते विवाहित आणि पत्नीचे वय १५ ते ४९ वर्षे असलेले जोडपे होय. महाविद्यालयात शिकणारी अविवाहित तरुणी त्या व्याख्येत बसत नाही. २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी असल्याने पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी त्यातूनही निसटते. मग तिला उरते ते बहुधा औषधाचे दुकान, आणि तिथे घाईघाईने, मान खाली घालून मागितली जाणारी तातडीची गर्भनिरोधक गोळी.

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते आणि भारतात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया ती लांबवते, म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग अधिक. स्त्रीबीज आधीच बाहेर पडले असल्यास तिचा फारसा उपयोग होत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही; गर्भपाताची औषधे पूर्णपणे वेगळी असून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. या गोळीने पुढे वंध्यत्व येते ही भीती निराधार आहे. मात्र तिच्यामुळे पाळी मागेपुढे होऊ शकते, त्याच महिन्यातील पुढच्या संबंधांपासून ती संरक्षण देत नाही आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनसारख्या औषधांनी तिचा परिणाम कमी होतो. पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास गर्भचाचणी करणे आवश्यक ठरते.

नित्याच्या वापरासाठी याहून भरवशाची साधने उपलब्ध आहेत. रोज घ्यायच्या गोळ्या, तांबी, तसेच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यायची ‘सहेली’ ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडता येते. तथापि यांपैकी एकही साधन एचआयव्ही, परमा, सिफिलिस यांसारख्या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांना अडवत नाही. ते काम निरोध करतो. दर वेळी अचूक वापरल्यास वर्षभरात शंभरापैकी सुमारे २ स्त्रियांना गर्भ राहतो, तर प्रत्यक्षातील ढिसाळ वापरात हे प्रमाण १३ पर्यंत जाते. म्हणून गर्भनिरोधनाचे एखादे नियमित साधन आणि त्याच्या जोडीने निरोध ही दुहेरी काळजी सर्वांत शहाणपणाची ठरते, आणि ती घेण्याची जबाबदारी जोडीदार तरुणाचीही तितकीच आहे.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘कोणतीही स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित गर्भपाताच्या हक्काबाबत विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्णय दिला. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची स्वतःची संमती पुरेशी असते आणि तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक असते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्या प्रचारापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमावली आणि तरीही १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्या कार्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यात प्रत्येक विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात लग्नाची चौकशी न करता सल्ला देणारी स्त्री डॉक्टर असावी, तिथे निरोध व तपासणीची सोय असावी आणि वसतिगृहात प्रवेश घेतानाच प्रत्येक विद्यार्थिनीला ही माहिती मिळावी, एवढी अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.