मध्यंतरातली तहान

गेल्या हिवाळ्यात नातवाला फुटबॉलचा सामना दाखवायला घेऊन गेलो. वय वर्षं नऊ. निघताना त्याच्या आजीनं पाठीवरच्या पिशवीत दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली घातली होती. फाटकावर पिशवी उघडली गेली. बाटली एका ढिगाऱ्यावर गेली, डबा टेबलाखाली. "बाहेरचं खाणंपिणं चालत नाही, काका. आत सगळं मिळतं," असं सुरक्षारक्षक अगदी नम्रपणे म्हणाला. त्याला जे सांगितलं होतं तेच तो करत होता.

आत सगळं मिळत होतं, हे खरं. मध्यंतराची शिट्टी झाली आणि सगळं मैदान त्या दोन स्टॉलांकडे धावलं. आमचा नंबर लागला तेव्हा पंधरापैकी बारा मिनिटं संपली होती. दोन सामोसे १०० रुपये. कधी तळले होते देव जाणे. पारी चामड्यासारखी, आतला बटाटा थंडगार. पाणी कागदी पेल्यातून, पेल्याला ३० रुपये. आम्ही तीन पेले घेतले. म्हणजे १९० रुपये झाले, आणि नातवाचं तिकीट होतं १५० रुपयांचं!

माझं सोडा, पेन्शनीत बसतं. पण आमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी एकच पेला घेतला आणि दोन मुलांत अर्धा अर्धा वाटला. स्वतः काही प्यायले नाहीत. ते दृश्य काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

उभी हयात बँकेत गेली. कर्जाच्या अर्जामागचा माणूस वाचायची सवय जात नाही. म्हणून स्टॉलवाल्याला शिव्या देण्याआधी त्याच्या जागी बसून हिशोब मांडून पाहिला. त्यानं ठेक्याची रक्कम आगाऊ भरलेली असते. सामने वर्षाकाठी मोजके, आणि एका सामन्यात खरा धंदा पंधरा मिनिटांचा. तेवढ्या वेळात हजारो माणसांना गरम तळून देणं अशक्य, म्हणून सगळं आधीच करून ठेवायचं. उरलं तर फेकायचं, आणि फेकलेल्याची किंमत विकलेल्यात मिळवायची. दर का चढतो आणि सामोसा का शिळा लागतो, याचं उत्तर एकाच हिशोबात मिळतं. शिवाय गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नाही. फाटकावर डबा काढून घेतला जातो, तिथंच ठेक्याची किंमत वाढते.

बाटलीवरच्या बंदीला कारण आहे, नाही असं नाही. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्याचे प्रसंग घडले आहेत. पण त्यातून एक गंमत होते. कमाल विक्री किंमत छापलेली असते बाटलीवर. पाणी पेल्यात ओतलं की किंमत बाटलीबरोबर मागे राहते! एकाच मालाच्या सारख्याच पाकिटांवर वेगवेगळ्या कमाल किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून देशात मनाई आहे. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलांना बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायला मुभा दिली, ती तिथं नुसता माल नव्हे तर सेवा आणि बसण्याची जागाही मिळते म्हणून. आता मला सांगा, धुळीत उभं राहून, कोपराचे धक्के खात प्यायलेल्या पाण्यात सेवा कोणती?

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्यानं कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या आणि पुढे तीन वाजताचा फुटबॉल सामना ही कामगारांची रीत झाली. थंडीत उभ्यानं, एका हातानं खाता येईल असा मांसाचा 'पाय' आणि सोबत बोव्हरिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचं कढत पेय, हा त्यांचा मैदानी फराळ. बर्मिंगहॅमच्या बाजूला त्या पायमध्ये आपल्याकडचा मसाला शिरला आणि 'बाल्टी पाय' जन्माला आला. तिकिटं महागली तसा हा फराळही महागला. तो इतका, की २०११ पासून काही वर्षं बीबीसीनं 'फुटबॉलची किंमत' मोजताना तिकिटाबरोबर चहा आणि पायचेही दर क्लबागणिक नोंदवले. चहाच्या कपावरून क्लबाची नियत ओळखावी, हे मला पटलं.

आपल्याकडे उलट चित्रही आहे. कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागानच्या कँटीनमधला चिकन स्ट्यू खायला सामना नसतानाही माणसं जातात. ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी, ही तिथल्या घराघरातली रीत. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून वडिलांबरोबर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने पाहिले. भाजक्या शेंगांची एक पुडी दोघांत संपूर्ण सामना पुरायची. गोल झाला की अर्ध्या शेंगा पुढच्याच्या डोक्यावर. सामना संपल्यावर मिसळ, तीही आमची पेठ जिंकली तरच! खाणं साधंच होतं, पण त्यापायी कुणी मुलाला घरी ठेवून येत नव्हतं.

स्वस्त विकलं तर धंदा बुडेल, असं ठेकेदार म्हणतील. अमेरिकेत अटलांटा शहरात २०१७ साली नवं स्टेडियम उघडलं. तिथं अमेरिकन फुटबॉल खेळतात आणि आपला फुटबॉलही. मालकांनी हॉट डॉग दोन डॉलरला ठेवला, आणि थंड पेय दोन डॉलरला, तेही पुन्हा पुन्हा भरून. जुन्या स्टेडियमच्या मानानं दर जवळपास निम्म्यावर आले. वर्षअखेर हिशोब झाला, तेव्हा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांना माणशी खर्च १६ टक्क्यांनी वाढलेला निघाला. माणसं लवकर येऊ लागली, दोनदा रांगेत उभी राहू लागली. कमी दर, जास्त उलाढाल, हे तर आपला कोपऱ्यावरचा वडापाववाला शाळेत न जाता शिकलेला असतो.

मागणं फार मोठं नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ असावेत, स्वच्छ आणि फुकट. दरांचा फलक फाटकाबाहेर, तिकीट खिडकीशेजारी असावा. लहान मुलांचा घरचा डबा आत जाऊ द्यावा. दशमीनं आजवर कुठल्या पंचाचं डोकं फुटल्याचं ऐकिवात नाही. आणि ठेका देताना सर्वांत मोठी रक्कम कोण भरतो एवढंच न पाहता, सर्वांत कमी दरात ताजं कोण देतो, हेही पाहावं.

परत निघताना फाटकाशी डबा मिळाला, बाटली मिळाली नाही. बसमध्ये दशम्या खाताना नातू म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी घरीच टीव्हीवर बघू या का? पाणी पण असतं."

या देशात फुटबॉलला प्रेक्षक हवेत, म्हणून सगळे कानीकपाळी ओरडत असतात. त्यांतला एक त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता. त्याला पुन्हा मैदानावर न्यायचं आहे. पण काय सांगून नेऊ, ते अजून सुचलेलं नाही.